कौशल्याबाईचा हेवी हार

परळीत वैजनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर हारफुलांच्या दुकानांची एक ओळ लागते. त्या ओळीत ज्या दुकानातून सगळ्यात जास्त आवाज येतो ते कौशल्याबाईचं, हे कुणीही डोळे मिटून सांगेल. बाई अंगानं अगदी काडी. थर्मल वीजकेंद्राकडून राखेचं वारं सुटलं की शेजारची बायनाबाई ओरडते, "कौशे, खांबाला धर गं, न्हाईतर गंगाखेडला जाशील उडून!" त्यावर कौशल्याबाई जे उत्तर देते ते इथं लिहिण्यासारखं नसतं. लग्न करून या रस्त्यावर आली त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली. मांडीपुढं फुलांची पाटी, हातात सुई आणि तोंडाचा पट्टा चालू. नवरा सटवा पहाटे बाजारातून फुलं आणतो, बेल निवडतो आणि उरलेला दिवस गप्प बसतो. दोघांच्या वाट्याचं बोलणं ती एकटीच उरकते.

आणि या काडीएवढ्या बाईला जन्मभर नाद कशाचा, तर जड वस्तूचा! भांड्यांच्या दुकानात गेली की तांब्या हातात घेऊन वरखाली करून बघणार. हलका निघाला की दुकानदाराच्या तोंडावर, "पत्रा हाय की रे नुसता!" कलिंगड घेताना आधी पाच-सहा कलिंगडं कडेवर घेऊन बघणार. बारशाला गेली की पाळण्यातलं लेकरू उचलणार, हातात तोलणार आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणणार, "हां, भरलाय गडी!" लेकरू हलकं निघालं तर त्याच्या आईची काही खैर नाही. तूप खा, खारीक खा, डिंक खा, असं तासभर चालायचं.

आता अशा बाईच्या घरी सून आली करिष्मा, माजलगावची. तिच्या लग्नाच्या बस्त्याला दुकानदारानं एक शालू पुढं टाकला आणि म्हणाला, "हा बघा, एकदम हेवी हाय." कौशल्याबाईनं शालू दोन्ही हातांवर घेतला, तोलला आणि तिचे डोळेच चमकले. तिथंच तिनं होणाऱ्या सुनेला विचारलं, "हेवी म्हंजे गं काय?"

"म्हंजे जड, आत्याबाई," करिष्मा लाजत म्हणाली. "पण नुसतं जड न्हाई. मोठंबी अन् जडबी. बघितलं तरी भरगच्च दिसलं पायजे अन् उचललं तरी हाताला लागलं पायजे."

अरे देवा! एवढी वर्षं बाई जे शोधत होती त्याला शब्द होता तर! त्या दिवसापासून हेवी हा शब्द तिच्या तोंडात बसला तो बसलाच. पण वापरायची मात्र मोजूनमापून. लोक म्हणायचे, लई हेवी ऊन पडलंय. ही लगेच अंगावर जायची, "ऊन उचलून बघितलंस का?" कुणी म्हणालं, हेवी भाषण झालं, की ही विचारायची, "कितीचं होतं?" तिचा हिशेब पक्का होता. फुगा मोठा असतो, हेवी नसतो. खिळ्यांची पुडी जड असते, हेवी नसते. दोन्ही एका जागी असेल तरच तो शब्द लावायचा, नाहीतर गप बसायचं. गिऱ्हाइकं हसायची, सून कपाळावर हात मारायची, पण बाई ऐकते कुणाचं?

तर यंदा दिवाळी होऊन गेली, झेंडू अजून ढीगभर येत होता, आणि एका सकाळी दुकानापुढं मोटारसायकल थांबली. डोळ्यावर गॉगल, खिशात दोन मोबाइल. सिरसाळ्याच्या अलीकडं बोरवाडी म्हणून गाव आहे, तिथला बजरंग. गावातला कुठलाही सत्कार याच्याशिवाय होत नाही, असा हा गडी.

"मावशी, हार पायजे. क्रेनचा!"

क्रेनचा हार म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्याला मात्र सांगावं लागेल. आमच्याकडं आता कुणी निवडून आलं, कुणाचा वाढदिवस असला, की साधा हार चालत नाही. दोन मजली घराएवढा हार क्रेनला टांगतात, सत्कारमूर्ती खाली त्या हाराच्या आत जाऊन उभी राहते, फोटो निघतात आणि क्रेन हार घेऊन निघून जाते. गळ्याला एक पाकळीसुद्धा लागत नाही. असले हार परळीत बाहेरून यायचे. कौशल्याबाईला कुणी विचारायचं नाही. "तिचे हार देवाला झकास, पण क्रेनचं काम तिच्याच्यानं झेपायचं न्हाई," असं तिच्या पाठीमागं म्हणायचे आणि कुणीतरी ते तिच्यापर्यंत बरोबर पोचवायचं. बाई वरवर हसायची, पण ते तिला लई लागायचं.

तिनं हातातली सुई खाली ठेवली. "कुण्या पुढाऱ्याचाय?"

"पुढारी न्हाई मावशी! आमची शिवकन्या. मेंढरंवाल्या भामाबाईची पोरगी. वजन उचलायच्या खेळात गेलती, सगळ्या देशातून दुसरी आलीय. मेडल घेऊन यायलीय परवा. गाव नुसतं पेटलंय!"

"पोरगी वजन उचलती?" कौशल्याबाई उभीच राहिली. "किती?"

"तुमच्यासारख्या तीन मावश्या उचलंल एका दमात!"

"मग हार कसला पायजे?"

"हेवी पायजे. लई हेवी."

"बघ बरं का बजरंग. हेवी म्हनलास. दिसायला मोठा अन् उचलायला फुसका, तसलं माझ्याकडं होत न्हाई."

"मोठाबी करा अन् जडबी करा. वजन उचलणाऱ्या पोरीला फुसका हार घालून कसं चालंल?"

झालं! बाईच्या अंगात वारं शिरलं. सटवाला बाजारात पिटाळलं, बायनाबाईला दुकान बंद करायला लावलं, ओळीतल्या सगळ्या बायका गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळामागच्या पटांगणात झेंडूचे ढीग पडले, पिवळे आणि केशरी, आणि त्यांच्यामधी ही काडीएवढी बाई कमरेला पदर खोचून ओरडत फिरत होती. अंगठ्याएवढा जाड सुताचा दोर तिनं स्वतः ओढून ओढून बघितला आणि मगच पसंत केला. दाभणानं माळा ओवायच्या, एकेक माळ दोराला पीळ देत गुंडाळायची, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. हार बायकांच्या मांडीएवढा जाड झाला, तरी ती म्हणे आणखी.

सटवानं दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. "बाहेरचे लोक आत पेंढा भरतेत. वरून फुलं लावतेत. आपुन बी..."

"पेंढा?" बाईनं असं बघितलं की सटवा दोन पावलं मागं गेला. "वरून हेवी अन् आतून पेंढा? तसली माणसं काय कमी हायत का जिल्ह्यात, आता हारबी तसलेच करू? आतपर्यंत फूल पायजे. पोरगी खरं वजन उचलती, हार खोटा कावून?"

सटवा पुन्हा बेल निवडायला बसला.

आणि बाईची एक सवय. फूल सुकू नये म्हणून दर थोड्या वेळानं पाण्याचा हबका मारायची. देवाच्या हाराला चार थेंब पुरतात, ओंजळीनं शिंपडलं की झालं. हात त्याच सवयीचा. इथं हार केवढा, तर तिनं ओंजळीऐवजी बादली घेतली. एक बादली दुपारी, एक संध्याकाळी, वरून ओली पोती. सकाळी उठून पुन्हा एक. हार टेम्पोत चढवायला चार गडी लागले आणि चौघंही कण्हत होते. एक म्हणाला, "मावशी, आत दगड घातलेत का काय?" एवढी खूश झालेली कौशल्याबाई सटवानं लग्नातसुद्धा बघितली नव्हती.

रस्त्यानं ऊन वाढलं तसं तिचा जीव फुलांसाठी कासावीस व्हायला लागला. सिरसाळ्याला टेम्पो थांबवला, हापशावरून पाणी आणलं, ओतलं. पुढं एका हॉटेलापाशी थांबवला, पुन्हा ओतलं. करिष्मा म्हणाली, "आत्याबाई, पुरे की आता." पण बाईच्या डोळ्यांपुढं फक्त एक चित्र होतं, आपला हार, वर आभाळात, आणि खाली ती पोरगी. उद्यापासून परळीत कुणाची बिशाद हाय म्हणायची, की कौशल्याबाईला क्रेनचं काम झेपत न्हाई!

बोरवाडीच्या वेशीत नुसता कल्ला. हलगी कडाडत होती, ढोलवाले घुमत होते, मेंढरंवाल्यांची म्हातारी माणसं घोंगडी खांद्यावर टाकून, भंडाऱ्यानं पिवळी होऊन उभी होती. क्रेनवाला तानाजी आपली क्रेन घेऊन आधीच आलता. आणि वेशीच्या वर भलामोठा बोर्ड, हेवीवेट चॅम्पियन शिवकन्या. देशात दुसरी आली तरी गावाला ती चॅम्पियनच. बोर्डाचं अक्षर न अक्षर करिष्मानं वाचून दाखवलं तेव्हा कौशल्याबाईनं टाळीच वाजवली.

पण टेम्पोतून हार उतरला आणि एक बाई गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आली. नऊवारी लुगडं, उन्हानं रापलेला चेहरा, डोळ्यांत पाणी. ती भामाबाई, शिवकन्येची आई. तिनं कौशल्याबाईचा हात धरून तिला टेम्पोच्या आडोशाला नेलं.

"बाई, एवढा मोठा कावून केला गं?"

"आवडला न्हाई का?"

"तसं न्हाई. पण माझी पोर आधीच मोठी दिसती." भामाबाईनं पदरानं डोळे टिपले. "मागच्या वर्षी पाव्हणे आलते बघायला. पोहे खाल्ले, चहा पिले, अन् उंबऱ्यापाशी जाऊन म्हणाले, मुलगी जरा हेवी हाय. नीट म्हणाले बरं का, हसून. न्हाई म्हणायची रीत असती ना, तसं. त्याच्यानंतर गावात ज्याच्या त्याच्या तोंडात त्योच शब्द. हेवी आली, हेवी गेली. पोर आठ दिवस नीट जेवली न्हाई. आन् आज ह्या पोरांनी त्योच शब्द बोर्डावर लिव्हला. आता हार बी तसलाच. काय झालं कमीजास्त, तर लोक हसतील गं. सगळ्यांच्या हातात मोबाइल हाय."

कौशल्याबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या त्या सोन्यासारख्या शब्दाचा असा वापर? "उचलून बघितलं होतं का त्यांनी तिला?" ती इतक्या जोरात म्हणाली की हलगीवाला क्षणभर थांबला.

भामाबाईला रडताना हसू फुटलं.

"हे बघ," कौशल्याबाईनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "माझा हार आज तुझ्या लेकीच्या अंगावर असा शोभंल, की हसणाराचं तोंड आपोआप मिटंल. माझ्यावर सोड." बोलून तर गेली. पण मागं वळून हाराकडं गेली आणि दोर पुन्हा एकदा ओढून बघितला. कारण आता तो नुसता तिच्या नावाचा प्रश्न राहिला नव्हता. हार तुटला, तर हसं त्या पोरीचं होणार होतं, आणि ते तिनं केलेलं असणार होतं.

म्हणून मग तिनं काय करावं? फुलं ताजी दिसावीत म्हणून शेवटची बादली ओतली. हारावर, गाठीवर, बजरंगनं क्रेनच्या आकड्याला बांधायला आणलेल्या त्या निळ्या नायलॉनच्या दोरीवर, सगळ्यावर.

"आली, आली!" वेशीबाहेर धुरळा उठला. उघड्या जीपमधी शिवकन्या उभी होती. उंचीनं जीपच्या काचेच्या वर, खांद्यानं रुंद, दंड एकेक असा, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. गळ्यात मेडल. चेहरा मात्र लहान पोरीसारखा घाबरलेला. ती खाली उतरली आणि सवयीनं खांदे पाडून, मान घालून चालायला लागली. मोठी माणसं गर्दीत लहान व्हायला बघतात तशी. कौशल्याबाईनं ते बघितलं आणि तिचा जीव कळवळला. "ताठ चाल की गं पोरी!" ती ओरडली, पण ढोलापुढं तिचं कुणी ऐकलं नाही.

तानाजीनं क्रेन चालू केली. हार सळसळत वर निघाला. वेशीच्या वर गेला, बोर्डाच्या वर गेला, आणि त्यातून पाण्याचे थेंब गळत होते, उन्हात चमकत होते. बायांनी "अगं बया!" म्हणून तोंडावर हात ठेवले. शिट्ट्या, भंडारा, हलगी. कौशल्याबाईला वाटलं, आपण आत्ता मेलो तरी चालेल.

शिवकन्या हाराच्या आत जाऊन उभी राहिली. मोबाइल वर झाले. आणि हार फूटभर खाली आला.

लोकांना वाटलं, तानाजीनं मुद्दाम खाली घेतला. टाळ्या पडल्या. कौशल्याबाईनं मात्र क्रेनकडं बघितलं. आकडा होता तिथंच होता. निळी दोरी तेवढी सरकत होती. हार आणखी फूटभर खाली आला.

पाणी! आपलंच पाणी! फुलांनी बादल्याच्या बादल्या पिऊन ठेवल्या होत्या, हार सकाळपेक्षा किती जड झाला होता देव जाणे, आणि ती गुळगुळीत ओली दोरी आपल्याच हातानं भिजवलेली. "सरक! शिवकन्या, बाहेर सरक!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. ढोल घुमतच होते. मग बाईनं पदर खोचला आणि धावली. गर्दीत कुणाच्या काखेखालून, कुणाच्या पायांतून, सरळ त्या पोरीपाशी. आणि केलं काय, तर दोन्ही हात वर करून त्या अवाढव्य हाराला खालून धरायला बघायला लागली! काडीएवढी बाई, म्हशीएवढं ओझं!

गाठ सुटली.

लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. शिवकन्येनं एका हातानं कौशल्याबाईला बाजूला सारलं, लेकरू सारावं तसं अलगद. दुसरा हात वर. मग दोन्ही हात. हाराची एक बाजू तिच्या डाव्या खांद्यावर कोसळली, दुसरी उजव्या. पोरगी वाकली, गुडघ्यांत पार खाली बसली. हलगी थांबली, ढोल थांबले. भामाबाईनं डोळे झाकून घेतले.

आणि त्या शांततेत शिवकन्येचा श्वास ऐकू आला. एक लांब श्वास. तिनं हाराचा लोंबता भाग उचलून गळ्याभोवती दुहेरी घेतला. पाय थोडे फाकवून जमिनीत रोवले. आता तिच्या चेहऱ्यावर ती घाबरलेली पोर कुठंच नव्हती. हे तिच्या ओळखीचं काम होतं. मान वर, नजर समोर, आणि हळू, सरळ, कुठंही न थरथरता ती उठली. सगळा हार अंगावर घेऊन उठली!

मग जो गिल्ला झाला! घोंगड्या हवेत उडाल्या. म्हातारी माणसं नाचायला लागली. तानाजी क्रेनमधून उडी टाकून बजरंगवर धावला, "गाठ तू मारलीस का बे?" बजरंगचा गॉगल कुठं गेला हे त्याला ठाऊक नव्हतं, तो नुसता "शिवे! शिवे!" करत टाळ्या पिटत होता. जिल्ह्यात एवढे क्रेनचे हार झाले, पण तो हार अंगावर घालून उभं राहिलेलं माणूस कुणी बघितलं नव्हतं.

कौशल्याबाई धुळीत बसूनच हार तपासत होती. वरपासून खालपर्यंत तिची नजर फिरली. सुताचा दोर शाबूत. पीळ शाबूत. एक माळ निसटली नव्हती. तिला हुंदका आवरेना. "पाणी मी घातलं गं पोरी," ती रडत म्हणाली. "लई पाणी घातलं. माझ्यापाई आज काय झालं असतं..."

शिवकन्येनं खाली बघितलं. घामानं निथळत होती, भंडाऱ्यानं पिवळी, आणि हसत होती. "मावशी, माझे आजवर एवढे सत्कार झाले, शाल घातली की खांद्यावरून घसरती, हार घातला की गळ्यात अडकतो. माझ्या मापाचा हा पहिलाच."

बजरंग पुढं आला. "शिवे, ठेव आता खाली. फोटो झाले. चौघं मिळून उतरवतो आमी."

"हात लावू नको," ती म्हणाली. "घरी जाऊन उतरवते."

घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मेंढरांच्या वाड्याशेजारी. सगळी पेठ ओलांडून जायचं. तरी ती निघाली. खांदे पाडायची आता सोय नव्हती, ओझ्याखाली ताठच राहावं लागत होतं, आणि तशीच ती चालली, एकेक पाऊल दाबून टाकत, पाण्याचे थेंब मागं सांडत. दारादारांतून माणसं बाहेर आली. बोळ अरुंद, हार रुंद. मोटारसायकली भराभर बाजूला झाल्या, पारावरची माणसं उठून उभी राहिली. कौशल्याबाई तिच्या मागं मागं, हाराचं टोक तळहातावर तोलून धरत, रडत आणि हसत.

आणि सगळ्यांच्या पुढं, डोक्यावरचा पदर खाली पडलाय याचंही भान नसलेली भामाबाई, दोन्ही हातांनी माणसं बाजूला सारत, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत चालली होती, "सरका! सरका की! हेवी हाय माझी लेक, वाट द्या तिला!"